तिच्या मापाचं धनुष्य

रायपूर राजधानी झालं त्या सुमारास माझ्या बायकोनं धनुष्याचा हट्ट धरला. आम्ही दोघंही चाळिशीला टेकलो होतो. मुलगी प्राथमिक शाळेत होती. शंकर नगरात भाड्याचं घर होतं आणि मी सरकारी खात्यात नकाशे काढायचो.

आमचं घराणं मराठ्यांच्या अमदानीपासून इथलं. आजोबा वकिलाकडे कारकून, वडील शाळामास्तर, मी ड्राफ्ट्समन. नवं राज्य झालं आणि आमच्या झोपाळू कचेरीत भोपाळहून माणसं, कपाटं, फायली येऊन पडायला लागल्या. रोज नव्या इमारतीचा नकाशा, रोज कुठल्या तरी जुन्या भिंतीवर पाडायची खूण. संध्याकाळी मी डोळे चोळत घरी यायचो आणि बायको दारातच सांगायला सुरुवात करायची, आज वर्गात काय झालं ते. ती एका शाळेत पी.टी. शिकवायची. नव्या राज्याच्या उत्साहात शाळेनं तिरंदाजीचा वर्ग काढला आणि तो तिच्याकडे आला, कारण लहानपणी आपण तीर मारायचो असं ती कधी तरी स्टाफरूममध्ये बोलून गेली होती.

ते खरंच होतं. तिचे वडील वनखात्यात, कोंडागावकडे होते. पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, पोरापोरींबरोबर ती बांबूच्या धनुष्यानं झाडावरचे पेरू पाडायची. लग्न होऊन रायपूरला आली आणि ते सगळं सुटलं. शाळेनं आणलेली धनुष्यं वेगळी होती. धातूची मूठ, नेम धरायला काडी, हिसका बसू नये म्हणून पुढे दांडे. मुलांसाठी ती बरी होती, पण तिचं मन त्यात लागेना.

"ते मशीन आहे," ती म्हणाली. "मले लाकडाचं पायजे. साधं. माझ्या उंचीचं."

"मिळते कुठं?"

"शोधू ना. तुमी चला फक्त."

गुढियारीत, मालधक्क्याच्या मागच्या गल्लीत, एक निवृत्त रेल्वे गार्ड राहायचे. मूळचे वर्ध्याकडचे. नोकरीची बरीच वर्षं धमतरीच्या छोट्या लाइनीवर काढलेली. गाडी सावकाश, थांबे लांब. त्या थांब्यांवर गावातल्या माणसांजवळ बसून बसून ते धनुष्य करायला शिकले होते आणि निवृत्तीनंतर तोच त्यांचा नाद झाला होता. शाळेतल्या एका सरांनी पत्ता दिला. आम्ही त्यांना गार्डकाका म्हणायला लागलो. ते तिला पोरी म्हणायचे आणि मला, काही नातं नसताना, जावईबापू.

पहिल्या रविवारी गेलो तेव्हा गल्लीत तांदळाच्या पोत्यांचा ट्रक आडवा लागलेला. त्याला वळसा घालून आत शिरलो. काकांच्या पडवीत कौलांखाली आडव्या वाशांवर धनुष्यं ठेवलेली होती. काही पुरी झालेली, काही नुसतेच धामणाचे लांब दांडे, वाळत पडलेले. धामणाचं लाकूड चिवट असतं. इकडे कुऱ्हाडीचे दांडेही त्याचेच करतात. काकांनी काही धनुष्यं काढून भिंतीला टेकवली. बायकोनं सगळ्यांत जाड होतं ते उचललं.

"हे घेते मी."

"ओढून दाखव."

तिनं ओढलं. दोरी हनुवटीपर्यंत आणली आणि विजयानं माझ्याकडे बघितलं.

"आता तशीच धरून राय," काका म्हणाले. "मी चहाचं सांगून येतो."

ते आत गेले. ती तशीच उभी राहिली. आधी तिचा डावा खांदा वर चढला, मग कोपर थरथरायला लागलं, मग ओठ घट्ट मिटले गेले. काका बाहेर आले तेव्हा तिनं दोरी सोडून दिली होती आणि ती दंड चोळत होती.

"तुमी लय वेळ लावला, काका."

"चहा उकळाले वेळ लागतेच." त्यांनी तिच्या हातातलं धनुष्य घेऊन भिंतीला लावलं. "ओढता येते ते आपलं नसते, पोरी. धरून दोन गोष्टी बोलता आल्या पायजे. तेवढंच आपलं."

ती रुसली. खरं सांगायचं तर घरी येईपर्यंत रुसलेली होती. पण पुढच्या रविवारी आपणहून तिनं मला उठवलं.

तिच्यासाठी काकांनी वाळलेला दांडा निवडला आणि काम सुरू केलं. तिला दोन्ही हात पसरून भिंतीशी उभं केलं आणि या बोटापासून त्या बोटापर्यंत सुतळीनं माप घेतलं. त्यावरून दोरी किती मागे येणार हे ठरलं. दोन्ही तळहातांच्या फटीतून समोरच्या खांबाकडे बघायला सांगितलं आणि मग एकेक डोळा मिटायला लावला. उजव्या डोळ्याला खांब फटीतच दिसत राहिला, म्हणजे नेमाचा डोळा तोच, म्हणून धनुष्य डाव्या हातात. भिंतीतल्या खुंटीवर अर्धवट धनुष्य अडकवून ते दोरी खाली ओढायचे आणि मागे सरकून त्याचा वाक बघायचे. जिथं लाकूड वाकायला कुरकुर करायचं तिथं काचेच्या तुकड्यानं खरवडायचे. रद्दीवाल्याकडे असतो तसा आकड्याचा काटा दोरीला लावून ओढ मोजायचे. तीस पौंडांच्या आसपास आल्यावर त्यांनी काच बाजूला ठेवली.

मुठीची गंमत मला अजून आठवते. त्यांनी तिच्या तळहाताला कोळशाची भुकटी चोळली आणि मूठ धरायला सांगितली. हात काढल्यावर लाकडावर जिथं काळं उमटलं होतं तिथं त्यांनी कानस फिरवली. पुन्हा भुकटी, पुन्हा मूठ. असं करत करत पुऱ्या तळव्याचा सारखा ठसा उमटायला लागला.

"आता हे दुसऱ्या कोनाच्या हातात बसनार नाही," ते म्हणाले.

मी धरून बघितलं. खरोखरच माझा अंगठा कुठं ठेवावा ते मला कळेना.

एक अडचण राहिली होती. ती तिनं मला परतताना स्कूटरवर सांगितली. दोरी सोडली की छातीला लागते.

"काकांले कसं सांगू?" मी विचारलं.

"तुमी काहून सांगता? मीच सांगीन."

आणि तिनं सांगितलं, सरळ. काका कौलांकडे बघत राहिले. मग घसा साफ करून म्हणाले, "वरचं टोक थोडं उजवीकडे झुकवून धर. दोरी तिरकी जाईल." तिनं धरलं. दोरी बरीचशी मोकळी जाऊ लागली. त्या तिरकेपणाला जुळेल अशी त्यांनी मुठीच्या वर बाण टेकायची जागा घासून दिली. उरलेल्यासाठी बायकोनं माझ्या स्कूटरच्या जुन्या सीटच्या रेक्झिनचं एक छातीकवच शिवलं, पट्ट्यांनी बांधायचं. ते घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि आमची मुलगी म्हणाली, "मम्मी, आप गाड़ी की सीट लग रही हो।" तिघंही हसलो.

त्यानंतरची काही वर्षं चांगली गेली.

शंकर नगरच्या पुढे तेव्हा मोकळी जमीन होती. सकाळी शाळेआधी आम्ही तिथं जायचो. पैऱ्याचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, गठ्ठे एकावर एक रचून त्यावर कापड ताणलेलं. मी पेपर वाचायचो आणि बाण आणून द्यायचो. वारा उत्तरेचा असला की सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी येऊन तिच्या पांढऱ्या दोरीवर बसायची. ती बोटांनी ती पुसायची, मेण लावायची, मग सुरू करायची. बाण सोडल्यावर ती डावा हात तसाच पुढे धरून ठेवायची, बाण गठ्ठ्यात शिरेपर्यंत. तेवढा वेळ तिचा चेहरा असा असायचा की मी पेपरातून डोकं वर काढायचो. तो चेहरा घरात दिसायचा नाही, शाळेतही नाही. पंधरा वर्षांच्या संसारात मला तो माहीत नव्हता. आटोपलं की दोरी उतरवायची, धनुष्य सरळ होऊ द्यायचं आणि जुन्या साडीत गुंडाळून घरी.

तिच्या वर्गातली मुलं जिल्ह्यात खेळायला जाऊ लागली. आम्ही सरावाला जायचो त्या जमिनीवर खांब पुरले गेले, मग कुंपण आलं. आम्ही आणखी पुढे सरकलो.

एका थंडीत तिनं तक्रार केली की दोरी पुन्हा लागायला लागली आहे.

"कुठं?"

तिनं डाव्या बाजूला, कवचाच्या कडेपाशी, बोट ठेवलं. "इथंच. रोज इथंच."

आम्ही कवचाला आतून जुन्या ब्लँकेटचा थर लावला. थोडे दिवस बरं वाटलं. मग तिनं धनुष्य अजून झुकवून बघितलं. बाण डावीकडे जायला लागले. मग दोरी थोडी ताणून बसवली, म्हणजे ती शरीरापासून लांब राहील. मी ड्राफ्ट्समन माणूस. एका रविवारी कागदावर तिचा खांदा, कोपर, दोरीची रेघ असं सगळं काढून कोन कुठं चुकतो ते बघत बसलो. तीही शेजारी बसून "कोपर एवढं खाली नाही जात माझं," असं सांगत होती. त्या नकाशात आम्हाला काही सापडलं नाही. शाळेच्या परीक्षा आल्या, माझ्याकडे नव्या राजधानीच्या इमारतींचं काम आलं. उन्हाळा सरला तरी ते दुखणं तिथंच होतं.

शेवटी आम्ही गुढियारीला गेलो. काकांचे हात तोपर्यंत थरथरायला लागले होते. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे. त्यांनी तिला अंगणात उभं केलं, समोर एक पोतं टांगलं आणि बाण मारायला सांगितले. बाजूनं बघितलं, समोरून बघितलं. मग आतून कोळशाची भुकटी आणून त्यांनी दोरीला चोळली, चांगली काळी केली, आणि तिच्या कवचावर माझ्याकडून पांढरा रुमाल बांधून घेतला.

"आता मार."

तिनं मारले. पाच-सहा बाण. काका जवळ आले आणि चष्मा वर करून त्यांनी रुमाल बघितला. मीही बघितला. तिनंही मान खाली घालून बघितला. रुमाल पांढराच होता. कुठेही काळी रेघ नव्हती.

"पुन्हा मारू?" तिनं विचारलं.

"नको." काका खाटेवर बसले. मग म्हणाले, "पोरी, दोरी लागूनच नाही राहिली तुले. डॉक्टरले दाखव."

परतताना ती स्कूटरवर माझ्या मागे बसली होती. एरवी ती एक हात माझ्या खांद्यावर ठेवायची. त्या दिवशी तिनं दोन्ही हातांनी मला धरलं होतं.

रायपूरच्या डॉक्टरांनी तपासून नागपूरला पाठवलं. तिथं तिची मोठी बहीण होती, राहायची सोय झाली. तपासण्या झाल्या आणि डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया ठरली. ऑपरेशनच्या आधी तिनं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला.

"दोरी लागून लागून झालं का हे?"

डॉक्टर गोंधळले. मी त्यांना धनुष्याचं समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. "नाही. असं होत नसतं."

"मंग ठीक आहे," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरोखरच सुटका दिसली. ती सुटका बघून मला तिथं बसवेना. मी पाणी आणतो म्हणून बाहेर गेलो.

मी मागाहून एकटाच डॉक्टरांकडे गेलो. थंडीतच आलो असतो तर काही फरक पडला असता का, असं विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. बाहेर पडताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मुलगी तिशीची झाली की तिची दर वर्षी तपासणी करून घ्या. मुलगी तेव्हा बारावीत होती.

शस्त्रक्रिया झाली, मग औषधं, मग केस गेले. काखेतल्या गाठी काढल्यामुळे तिचा डावा हात सुजायचा. खांद्याच्या वर जायचा नाही. भिंतीवर बोटं चालवत चालवत हात वर न्यायचा असा व्यायाम दिला होता. ती तो आमच्या पडवीत करायची. एक दिवस गार्डकाका रिक्षानं आले. पपई घेऊन आले होते. ती पपई मांडीवर धरून जमिनीकडे बघत बसले.

"काका," ती म्हणाली, "धनुष्य हलकं करायचं आहे."

"नवीन करू. वाशावर एक चांगला दांडा आहे, वाळून राहिला. हलकाच करू."

"कधी होईल?"

"पुढच्या थंडीले."

"नाही. हेच करा."

काकांनी वर बघितलं. "पोरी, लाकूड एकदा खरवडलं की मांगं नाही येत. उद्या तुह्या हातात जोर आला तर हे धनुष्य तुले पुरनार नाही."

"जोर आला तर नवीन करू ना. तवा करू."

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या हातात फिजिक्सचं पुस्तक होतं. "मम्मी, ये सब अभी क्यों? पहले ठीक तो हो जाओ।"

"हव, अभीच," तिची आई म्हणाली.

मुलगी आत गेली आणि तिनं दार जरा जोरातच लावलं.

काकांच्या हातात काच धरवत नव्हती, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पडवीच्या भिंतीत खुंटी ठोकली. काका खुर्चीवर बसून सांगायचे, मी खरवडायचो. "वरच्या अंगाले दोनदा. आता खालच्याले. थांबा. ओढा. पायतो." लाकडाच्या पातळ, पिवळट ढलप्या पायांशी जमा व्हायच्या. ती शाल घेऊन बाजेवर पडलेली असायची आणि मधूनमधून म्हणायची, "सांभाळून हं." इतक्या वर्षांत ते लाकूड तिच्या घामानं काळपट झालेलं होतं. काच फिरली की खालून नवं, उघडं लाकूड निघायचं.

ओढ निम्म्यावर आली तेव्हा तिनं उभं राहून धरून बघितलं. हात छातीइतका वर गेला. तिनं सवयीनं वरचं टोक उजवीकडे झुकवलं, मग थांबली, आणि धनुष्य सरळ उभं धरलं. दोरी ओढली, हळूच परत सोडली.

"आता सरळ धरता येते," ती म्हणाली. "अडथळा नाही काही."

मी वाकून ढलप्या गोळा करायला लागलो. ती मात्र धनुष्याकडे बघत होती. "सरळ धरलं की बाण घसरते पण. हे बघा. याले काही तरी करा."

ते मीच केलं. काकांनी घासलेली ती तिरकी जागा कानशीनं सपाट केली आणि तिच्यावर चामड्याचा छोटा कंगोरा चिकटवला, बाण टेकायला. काम काही मोठं नव्हतं. पण ते करताना मला तिची पहिली तक्रार आठवली, स्कूटरवरची, आणि माझी कानस काही केल्या सरळ चालेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा करावं लागलं.

त्या थंडीत तिनं पुन्हा बाण मारले. जुने बाण या धनुष्याला जड पडायचे, अर्ध्यातच माना टाकायचे, म्हणून बारीक बांबूचे नवे करून घेतले. पैऱ्याचे गठ्ठे बरेच जवळ आणले. डोक्याला स्कार्फ, अंगात माझा स्वेटर, डाव्या हातावर सूज उतरायची घट्ट पट्टी. शाळेतली मुलं रविवारी भेटायला यायची. ती त्यांच्या कोपरांवरून त्यांना रागवायची. बाण सोडल्यावर हात तसाच पुढे ठेवायची सवय तिनं सोडली नव्हती, पण आता तो हात फार वेळ राहायचा नाही. बाण पोचायच्या आधीच खाली यायचा. मी पेपर नेणं बंद केलं होतं.

पुढच्या वर्षी तिची पाठ दुखायला लागली. या वेळी आम्ही धनुष्याला दोष दिला नाही. सरळ नागपूरला गेलो. दुखणं हाडात गेलं होतं. पुन्हा औषधं, पुन्हा केस गेले.

त्यानंतर धनुष्य आणखी दोनदा हलकं केलं. काका आता येऊ शकत नव्हते. मी फोनवर विचारायचो, ते सांगायचे, बोलता बोलता त्यांना धाप लागायची. तिला उभं राहवत नव्हतं. खुर्चीत बसलं तर लांब धनुष्याचं खालचं टोक जमिनीला लागायचं. खालून कापू का, असं मी विचारलं, तर काका म्हणाले की कापलं तर ते कडक होईल, तिला ओढणार नाही. मग मी तिला पडवीच्या कडेला बसवायला लागलो, पाय पायरीवर, म्हणजे खालचं टोक कडेच्या बाहेर मोकळं राहील. मागून उशी लावायचो आणि शेजारी बसून तिच्या कमरेला हात द्यायचो. समोर अंगणात, गेटपाशी, एकच गठ्ठा.

शेवटी लाकूड इतकं उतरलं की धनुष्यात जीवच राहिला नाही. फेब्रुवारीतली एक सकाळ होती. तिनं ओढलं, सोडलं, आणि बाण दोरीवरून निघून जेमतेम शेवंतीच्या वाफ्यात जाऊन आडवा पडला. तिनं त्याच्याकडे बघितलं. मी उठून तो आणायला लागलो.

"राहू द्या," ती म्हणाली. "बस झालं आता."

"उद्या पाहू. आज थकली तू."

"नाही. दोरी उतरवा त्याची." मग जरा वेळानं, "तुमी लय केलं. लाकडात आता आहे काय खरवडाले?"

मी दोरी उतरवली. ती तिथंच उन्हात बसून राहिली. मुलगी कॉलेजला जायला निघाली तेव्हा गेट उघडताना तिला वाफ्यातला बाण दिसला. तो उचलून तिनं आईच्या हातात दिला आणि गेली.

उन्हाळ्यात बायको गेली. घरीच, सकाळी, मुलगी तिचे केस विंचरत असताना. नुकतेच पुन्हा यायला लागले होते, लहान मुलासारखे मऊ. घाटावर गार्डकाका एका नातवाच्या आधारानं आले होते. ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

धनुष्य मी नंतर काकांकडेच नेऊन दिलं. मोठ्या माणसाला ते उपयोगाचं नव्हतं आणि लहान मुलाला फार लांब होतं. घरात ठेवलं की माझे डोळे तिकडेच जायचे. काकांनी ते वाशावर ठेवलं. पुढे त्यांच्या मुलानं त्यांना बिलासपूरला नेलं, गुढियारीचं घर विकलं. तिथल्या वस्तूंचं काय झालं मला कळलं नाही. काकाही गेले, तेही मला बऱ्याच उशिरा कळलं.

माझी कचेरी शहराबाहेर, नव्या राजधानीत गेली. रुंद रस्ते, मधे झाडं, माणूस नाही. त्यातल्या काही इमारतींचे नकाशे माझ्याच हातचे. निवृत्त होईपर्यंत मी रोज बसनं जायचो आणि यायचो. मुलगी पुण्याला नोकरीला लागली. फोनवर आम्ही जेवणाखाण्याचं, पावसापाण्याचं बोलायचो. आईचा विषय दोघंही टाळायचो. डॉक्टरांनी तपासणीचं सांगितलं होतं ते तिला कसं सांगावं हे मला सुचत नव्हतं. तिची तिशी जवळ येत होती आणि मी दर फोनला ठरवायचो की आज सांगू.

एका दिवाळीला ती घरी आली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाली, "बाबा, मुझे जाँच करवानी है। मम्मी वाली। यहीं करवा लूँ? आप चलोगे?"

मी कप खाली ठेवला. "तुले कोनं सांगितलं?"

"किसी ने नहीं। पढ़ा मैंने।"

आम्ही गेलो. सणामुळे तपासणी केंद्रात गर्दी कमी होती. बाकावर शेजारी शेजारी बसलो. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "मम्मी को इतने महीने दर्द था, तो बताया क्यों नहीं?"

"सांगत होती ती. रोज सांगत होती. आमाले वाटे, दोरी लागते."

मग मी तिला सगळं सांगितलं. ब्लँकेटचा थर, माझा तो कागदावरचा नकाशा, काळी दोरी आणि पांढरा रुमाल. हे तिला काहीच माहीत नव्हतं. ती ऐकत राहिली. मधेच एकदा तिनं माझी बाही पकडली.

"और वो छीलना?" ती म्हणाली. "मुझे बहुत गुस्सा आता था। लगता था आप दोनों पागल हो गए हो। मम्मी ख़त्म हो रही है और आप बैठकर लकड़ी छील रहे हो।"

"दुसरं मले काय करता येत होतं, बाई?"

आतून तिचा नंबर पुकारला. ती गेली आणि मी बाकावर तिची पर्स धरून बसलो. समोर एक नवरा-बायको बसले होते. बायको मोबाइलवर काही दाखवत होती आणि नवरा हसत होता. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. किती वेळ गेला मला कळलं नाही.

ती बाहेर आली. "ठीक है बाबा। सब ठीक है। हर साल करवाना है, बस।"

आम्ही पार्किंगपर्यंत आलो. तिथं स्कूटीपाशी पोचल्यावर तिला रडू फुटलं. मोठ्यानं नाही. ती हँडलवर हात टेकून उभी राहिली आणि तिचे खांदे हलत राहिले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पार्किंगवाल्यानं आमच्याकडे बघितलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं तिनं ओढणीनं तोंड पुसलं, हेल्मेट घातलं आणि गाडी सुरू केली. मी मागे बसलो. सिग्नलला थांबलो तेव्हा मान न वळवता ती म्हणाली, "अगले साल भी आप ही चलना।"

"येईन," मी म्हटलं.